ईराच्या खोलीत विणत बसलेल्या बाई

आधीच सांगतो, मी भुताखेतांतला माणूस नाही. नवी गाडी मी अमावस्येला घेतली, तीही बायकोच्या नाकावर टिच्चून. महिन्याभरात ती गॅरेजच्या दारावर ठोकली, पण तो दोष माझ्या रिव्हर्सिंगचा. तेव्हा खाली कॉमेंटमध्ये 'काका, काय घेतलं होतं?' विचारणाऱ्यांनी आपली एनर्जी वाचवावी.

गेल्या जूनमधली गोष्ट. आम्ही लंडनमध्ये, हॅरोला राहतो. मुलगी ईरा ट्रेनने तासाभरावरच्या एका जुन्या कॉलेजात मॅथ्स करते. एकोणिसाव्या शतकात फक्त मुलींसाठी निघालेलं कॉलेज – लाल विटा, लांबच लांब कॉरिडॉर. नाव सांगत नाही, लेकीची ताकीद आहे. दुसऱ्या वर्षाच्या एका पेपरात ती नापास झाली. सप्टेंबरात पुन्हा द्यायचा, नाहीतर कोर्स सोडायचा. सोडायचा असेल तर मी तिथे गेलो त्या दिवशी पाचच्या आत फॉर्म द्यायचा. मी ठरवून टाकलं, घरी आणायची. इथल्या मराठी मंडळात 'गॅप घेतेय' असं सांगूनही मोकळा झालो. फॉर्म मीच भरला, सही तेवढी तिची बाकी. ती फोनवर म्हणत होती, सोडणार नाही. मी म्हटलं, बघू.

दुपारी दोनला पोचलो. ईरा ट्यूटरकडे गेली होती, खोली उघडी ठेवून. तिसरा मजला, खिडकीबाहेर हॉकीचं मैदान. मी लगेच चौकड्यांच्या मोठ्या बॅगेत तिचे कपडे कोंबायला लागलो... आणि मागे कुणीतरी खाकरलं.

खिडकीजवळच्या खुर्चीत एक बाई. पन्नाशीच्या, गळाबंद काळा ड्रेस, हातात सुया आणि अर्धवट राखाडी मोजा.

"मुलीच्या खोलीत पुरुष असला की मला बसावं लागतं. तुमचं चालू द्या." (बोलणं अर्थातच इंग्रजीत.)

म्हटलं, मी वडील आहे. तर म्हणाल्या, "असं सगळेच सांगतात."

इथे मी गाढवपणा केला. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवायचं तर सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं, ट्रेनिंग लागतं. मी ते तिसऱ्या खेपेला पास झालोय. मला वाटलं, या कॉलेजच्या वेल्फेअरच्या बाई! मी त्यांच्या पॉलिसीची तोंड भरून स्तुती केली, आणि बॅगेची चेन लागेना म्हणून त्यांनाच कोपरा दाबायला सांगितला. त्यांनी नुसतं पाहिलं. शेवटी मीच बॅगेवर बसलो, आणि बसल्या बसल्या सगळी कर्मकथा ऐकवली – नापास, नातेवाईक, खिशातून काढून दाखवलेला फॉर्म.

"पास झाली तर पदवी देतील तिला?"

म्हणजे काय, देणारच, मी म्हटलं.

सुया थांबल्या. "आमच्या मुलीही परीक्षेला बसतात. मुलांचेच पेपर, तेवढेच तास. पदवी मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगितलेलं आहे. तरी एकही उठून घरी गेलेली नाही. आणि तुम्ही हिला उठवायला आलात?"

मी जरा चिडलोच. लोक काय म्हणतील ते तुम्हाला नाही ऐकावं लागत, असं काहीतरी बोललो.

"लोक इथेही म्हणतात," त्या म्हणाल्या. "रोज म्हणतात." आणि पुन्हा विणायला लागल्या.

दार उघडलं. ईरा, आपल्या विलायती मराठीत. "बाबा, तू कोणाशी बोलतोय? आणि माझा कपडे का भरला?"

मी वळलो. खुर्ची रिकामी. खिडकी रंगाने चिकटून बंद. दार एकच, आणि त्यात ईरा उभी.

तिने माझ्या हातातला फॉर्म पाहिला. "मी साइन नाही करणार. तू ओरड, आईला रडू दे. मी परत देणार तो पेपर."

"दे," मी म्हटलं.

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू भूत तिलाच दिसलंय. मी मोठ्या थाटात फॉर्म फाडायला गेलो, पण चार घड्या घातलेला तो फाटेना. तिनेच फाडला.

निघताना गेटवरच्या पोर्टरला, म्हणजे पहारेकऱ्याला, विचारलं. तो म्हणाला, वेल्फेअरला सध्या दोन तरुण मुलगे आहेत. पुरुषांवर नजर ठेवायला बाई बसवायची पद्धत इथे होती खरी, पण ती शंभर वर्षांपूर्वी, मुलींना परीक्षेला बसू देत पण पदवी देत नसत तेव्हा. हे मला आधी ठाऊक नव्हतं, शपथेवर सांगतो.

त्या दिवशी संकष्टी होती, उपाशी होतो, शुगर लो झाली असेल... सगळं धरून पाहिलं. पण लो शुगरमध्ये माणूस स्वतःचाच एवढा अपमान करून घेतो का? बायकोचं मत वेगळं. ती म्हणते, "एवढी अक्कल तुला आपणहून सुचणं शक्यच नाही. भूतच असणार." आणि मी अजूनही भुतं मानत नाही. त्या बाईंना मानतो.

मंडळात मी स्वतः उभं राहून सांगितलं, गॅप-बिप काही नाही, नापास झाली, पुन्हा देतेय. ज्यांना भुवया उंचवायच्या त्यांनी उंचवल्या. निकाल इथे लिहिणार नाही, विचारूही नका. सप्टेंबरात परीक्षेच्या हॉलबाहेरच्या बाकावर मी तीन तास बसलो होतो. कितीतरी मुलं वेळेआधी बाहेर पडली. ईरा सगळ्यांत शेवटी बाहेर आली.