कोसा साधेपर्यंत

पवनीकडच्या एका गावात डोमा धिवर कोस्याचे, म्हणजे रानातल्या रेशमाचे, किडे पाळायचा. रानाच्या कडेला येनाची, म्हणजे ऐनाची, झाडं होती. त्यांच्या पाल्यावर किडे सोडायचे, पाला सरला की किड्यांसकट ती फांदी तोडून दुसऱ्या झाडाला बांधायची, दिवसभर कावळे हाकलायचे आणि कोष तयार झाले की वेचून कोष्ट्यांकडे न्यायचे. काम दोन महिन्यांचं, पण त्या दोन महिन्यांचा नेम भारी कडक. अंगाला तेल नाही, मासोळी नाही, घरी जाणं नाही. बायकोने शिदोरी आणायची ती बांधावर ठेवायची, झाडांत पाऊल टाकायचं नाही. आता मासे धरणाऱ्या धिवराच्या पोटी जन्मलेला माणूस, समोर बोडीचं तळं भरलेलं, आणि मासोळी खायची नाही म्हणजे काय हाल होत असतील ते तुम्हीच समजा. पण डोमाने नेम कधी मोडला नाही. खरं सांगायचं तर त्याला त्याचा जरा गर्वच होता.

१९७६ची गोष्ट. दसरा आठ-दहा दिवसांवर आला होता, किडे बोटाएवढे झाले होते. झाडांना लागूनच केवळरामची धानाची बांधी होती आणि धानावर तुडतुडा पडला. तालुक्याहून पांढऱ्या पावडरीची पोती आली. केवळराम डोमाचा लहानपणापासूनचा सोबती. माणूस मिळत नाही, जरा हात लाव, म्हणाला. दोघांनी फडक्याच्या थैलीत पावडर भरली, थैली काठीला बांधली आणि सकाळभर धानावर झटकली. तोंडाला काही बांधा, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मग डोमाने बोडीवर जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि शुद्ध होऊन झाडांत शिरला. वाऱ्याला कुठली आंघोळ! तो आधीच पावडर घेऊन झाडांत पोचला होता.

थोड्या वेळाने डोमाला भोवळ आली. ओकाऱ्या झाल्या, हातपाय थरथरायला लागले, आणि तो झाडाखाली आडवा झाला. दुपारी त्याची बायको सत्यभामा शिदोरी घेऊन आली. बांधावरून हाका मारल्या, उत्तर नाही. मग तिला तो दिसला, तोंडाला फेस आलेला. ती नेम आठवत उभी राहिली नाही. सरळ आत गेली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, तोंड पुसलं. सांजेला तो शुद्धीवर आला आणि पहिला शब्द काय निघावा याच्या तोंडून?

"तू अंदर काहून आली?"

तिसऱ्या दिवशी किडे काळे पडून फांद्यांना लोंबायला लागले, मग पटापट गळले. शेजारच्या तेजरामच्या झाडांवरचे किडेही गेले. कोसेवाले सगळे येनाखाली जमले आणि एकच विचारणा सुरू झाली, नेम कोणाचा मोडला? तिकडे बोडीत मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या, बांधीतले बेडूक ओरडायचे थांबले होते. मासोळ्यांनी कुठला नेम मोडला होता, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. सत्यभामा लांब उभी होती. ती म्हणाली, पाला पाहा, पांढरा पडला आहे. डोमा तिच्यावर खेकसला, चूप राह्य म्हणाला, आणि चार माणसांत त्याने तिचंच नाव सांगितलं.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने तिला तिच्या भावाकडे, भंडाऱ्याजवळच्या कारध्याला धाडलं. "कोसा साधला का न्यायले येतो," एवढं म्हणाला.

आणि कोसा काही साधला नाही. पुढच्या साली दोन बांध्यांत पावडर पडली, त्याच्या पुढच्या साली साऱ्या शिवारात. दर साली किडे मरत गेले. तेजरामने धंदा सोडला, बाकीचेही पांगले. डोमा एकटाच झाडांखाली बसून राहिला, नेम दुप्पट कडक करून. अरे बाबा, बाई तिकडे कारध्याला बसली आहे, मग हे किडे कोणाच्या पायगुणाने मरून राहिले? पण हे विचारायला घरात दुसरं माणूस पाहिजे ना! तो एकदाच भात टाकायचा आणि दोन्ही वेळा तोच खायचा. थोडं चाललं की दम लागायचा, हाताचा कंप तर कायमचाच झाला होता. दोनदा तो पवनीच्या मोटारस्टँडवर जाऊन भंडाऱ्याच्या गाडीसमोर उभा राहिला आणि दोनदा परत फिरला. कोसा साधल्याशिवाय कोणतं तोंड घेऊन जायचं? तिची आठवण मात्र त्याला रोज यायची, जेवताना जास्त.

१९८५ साली रेशीम खात्याचा एक साहेब रानात आला. त्याने पाला हातात घेतला, हुंगला, भोवतालचं धान पाहिलं आणि बांधीत काय मारता म्हणून विचारलं. डोमाने सांगितलं. साहेब म्हणाला, पावडर किडे मारायलाच तर आहे, कोस्याचा किडा तिला वेगळा कसा ओळखू येणार? डोमाने बोटांवर सालं मोजली. नऊ वर्षं! दुसऱ्याच दिवशी त्याने भंडाऱ्याची गाडी पकडली, उतरून वैनगंगेचा पूल ओलांडला आणि विचारत विचारत मेहुण्याच्या दारात उभा राहिला.

सत्यभामा ओट्यावर विड्या वळत बसली होती. केस पिकले होते. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पावडरीचं, साहेबाचं. तुझा काही दोष नव्हता, घरी चाल, म्हणाला. म्हणताना रडू फुटलं त्याला. तिने हातातली विडी पुरती वळली, दोरा बांधला आणि सुपात ठेवली.

"हेच मी सांगतलं, त चूप म्हणाले तुमी. साहेबानं सांगतलं, त पटलं," ती शांतपणे म्हणाली. "साहेब आला नसता, त मी मरेपावतर पापीनच रायली असती ना?"

नाही म्हणावं, असं डोमाला फार वाटलं. पण आयुष्यात खोटं बोलायची सवय नव्हती. सत्यभामाने तेंदूचं पुढचं पान उचललं आणि घरातल्या भाचसुनेला हाक मारली.

"पाव्हण्याले पानी दे वो."