कडीवरचा आकडा

"पाठ दाव आधी," आक्का म्हणायची.

समोरचा जवान मोठ्या ऐटीत खिशातून जर्मन पदक काढून तिच्यापुढे धरायचा. ती पुढची बाजू बघायचीसुद्धा नाही. पदक उलटं करून वरच्या कडीवर शिलाईचा खडू घासायची, अंगठ्याने पुसायची आणि दाराच्या उजेडात धरायची. कडीवर ठोकलेला इवलासा आकडा पांढरा होऊन वर यायचा.

समोरच्या दुकानात मी घड्याळं दुरुस्त करत बसलेला, डोळ्याला भिंग लावून. त्या भिंगातून मला जो आकडा दिसला नव्हता, तो हिला खडूने दिसायचा. मला काय वाटत असेल, तुम्हीच सांगा.

ही देहूरोडच्या बाजारातली, पन्नास सालानंतरची गोष्ट. छावणीतले कितीतरी जवान इटलीत, आफ्रिकेत लढून आलेले. कुणाच्या ट्रंकेत जर्मन क्रॉस, कुणाच्या बिल्ला. आक्काचा नवरा पलटणीचा शिंपी, तोही इटलीला जाऊन आलेला. तिथे एका जर्मन कैद्याने त्याला सांगितलं होतं, की पदकं बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला एक आकडा दिलेला असतो आणि तो कडीवर ठोकतात. नवरा वारला तेव्हा शिलाई मशीन, थोडी पदकं आणि ही एवढी माहिती तिच्याकडे राहिली. पदकं फितीत ओवून द्यायचं त्याचं काम तिने पुढे चालवलं.

पदकं मीही जमवत होतो. माझ्याकडे तिच्यापेक्षा जास्त होती, हे मी बाजारात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तरी लोक तिच्याकडेच जायचे.

त्या कारखान्यांची नावं तिला ठाऊक नव्हती. पण शेजारीपाजारी असावेत तशी ती त्यांच्याबद्दल बोलायची. "ह्यो पासष्टवाला लई नीटनेटका मानूस. चौकटीचा सांधा कुठं दिसतोय का बघा. आन् ह्यो दुसरा घाईचा. घरी बायकू वरडत आसंल."

जवान हसायचे. मी एकदा रस्त्यापलीकडून विचारलं, "आक्का, कारखान्यात काय एकच माणूस असतो का?"

"पन्नास असूद्या की भाऊ. मालक कसा हाय ते कळतंच."

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण माझी बायको मला न सांगता माझं एक पदक तिला दाखवून आली. "आक्का म्हणाल्या, हा आकडा मागाहून कुणीतरी ठोकलाय," असं तिने जेवताना सांगितलं. मलाही तसा संशय होताच. दिवसभर मी बायकोशी बोललो नाही.

एका सकाळी तळेगावचे एक निवृत्त सुभेदार माझ्याकडे आले. त्यांच्या घड्याळात आता काही जीव उरला नव्हता. मी तसं सांगितल्यावर त्यांनी रुमालातून एक जर्मन क्रॉस काढला. "ह्याच्या बदल्यात एखादं घड्याळ द्याल का?" इटलीत एका जखमी जर्मन अधिकाऱ्याला त्यांनी पाठीवर घेऊन मलमपट्टीच्या तंबूत नेलं होतं. मरता मरता त्याने तो त्यांच्या हातात ठेवला होता.

मी कडी भिंगाखाली धरली. त्या दिवशी मला आकडा दिसला, आणि त्या आकड्याचं पदक आक्काकडे नव्हतं! माझ्याकडचं सगळ्यात चांगलं स्विस घड्याळ मी काढून समोर ठेवलं.

सुभेदार घुटमळले. "एकदा आक्काला दाखवतो, मग देतो."

मी त्यांच्या मागोमाग रस्ता ओलांडला. तिने खडू घासला, पुसला. "ह्यो आकडा माज्याकडंबी न्हाई," ती म्हणाली. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग तिने सांडलेल्या सुया उचलायचं लोहचुंबक घेऊन क्रॉसला लावलं. अस्सल क्रॉसच्या पोटात लोखंड असतं, तो चिकटतो. हा चिकटला नाही. घसरून कापडावर पडला.

तिने माझ्याकडे पाहिलं. तो घसरताना मीही पाहिला होता. सुभेदारांचं लक्ष नव्हतं. रस्त्याकडे बघत ते त्या अधिकाऱ्याबद्दल सांगत होते, "पाण्याशिवाय काही मागितलं नाही हो त्याने."

"सुभेदार," आक्का म्हणाली, "कडीवरला छाप खरा हाय. पर ह्यो कुनाला देऊ नका. घड्याळ काय, दुसरं मिळंल."

"मलाही द्यायचा नव्हताच," म्हणत त्यांनी क्रॉस रुमालात गुंडाळला आणि रिकाम्या मनगटाने स्टेशनच्या दिशेने गेले.

"आक्का, क्रॉस ओतीव पितळेचा होता," मी म्हणालो.

"मग मी कडीचंच बोलले की."

"पण त्यांना सांगायला नको?"

तिने सुईत दोरा ओवला. "कुनी दिला आसंल, न्हाईतर बाजारात घेतला आसंल. इतकी वर्सं सांगत आल्यात, आता मी खडूनं पुसू व्हय? तुमचं घड्याळ वाचलं, ते बगा."

घड्याळ वाचलं होतं हे खरंच. उपकार मानायचे सोडून मी दुकानात येऊन जळफळत बसलो. आकडे ओळखायला मी आज ना उद्या शिकलो असतो. हे कुठे शिकणार होतो?

पुढे तिच्या मुलाला जबलपूरला नोकरी लागली आणि तो तिला घेऊन गेला. टांग्यात मशीन चढवायला मी हात लावला. पदकांचा डबा मात्र तिने मांडीवरच ठेवला होता. आता लोक माझ्याकडे येतील, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू?

काही महिन्यांनी एक जवान कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन तिच्या बंद दारापुढे उभा राहिला. मग रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. मी भिंग डोळ्याला लावूनच उठलो.

"आक्का कधी येतील?"

"त्या मुलाकडे गेल्या, कायमच्या. आणा इकडे, मी बघतो."

त्याने कागद खिशात घातला. "नको. तुमच्याकडे पत्ता आहे का त्यांचा?"

होता. मी तो त्याला सांगितला आणि त्याचं लिहून होईपर्यंत समोरच्या कुलपाकडे बघत राहिलो.