कापायचा राहिलेला हप्ता

आमच्या कारखान्यात विम्याचा हप्ता कोणी भरत नसे. तो कापला जाई. पगाराच्या पाकिटावर फंडाच्या खाली तो आकडा असे आणि हातात पडेल ते आपलं, असा सगळ्यांचा हिशेब. घरखर्चाची पै न् पै मी लिहून ठेवी, पण कापलेल्या पैशांचा विचार मीही कधी केला नव्हता.

गालाच्या आत फोड आला, तो कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं, मग रेडिएशन, म्हणजे विजेचे शेक. साठलेली रजा संपली आणि बिनपगारी सुरू झाली. खात्यातल्या लोकांनी दर पगाराला वर्गणी काढली. काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांचं भाडं, रेशन, मुलींची फी, काही अडलं नाही. विम्याचं मात्र कोणालाच सुचलं नाही. पगार नाही म्हणून कापणं नाही, आणि हप्ता गेला नाही म्हणून पॉलिसी बंद.

कामावर परतल्यावर हे कळलं. पॉलिसी पाच हजारांची, वीस वर्षांची. नऊ वर्षांचे हप्ते गेले होते, आणि बंद पॉलिसीवर तेवढ्याच हिश्शाचे पैसे मिळत. म्हणजे मी मेलो तर घरी सव्वादोन हजार आणि थोडा बोनस. धाकटी तेव्हा शाळेतही जात नव्हती.

पॉलिसी पुन्हा चालू करायची तर प्रकृती उत्तम असल्याचं लिहून द्यावं लागे. विमा एजंट आमच्याच खात्यातला होता, शिफ्ट सुटल्यावर हे काम करी. वर्गणीही त्यानेच गोळा केली होती, त्यामुळे हप्त्याचं विसरलो हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. रविवारी तो घरी आला.

“दाढेचं ऑपरेशन झालं असं लिहू, राव. कोण बघतंय?”

बायको चहा ठेवून तिथंच उभी राहिली. “भावजी, हे गेल्यावर चौकशीचा माणूस माझ्याकडे येणार. त्याला मी कुठली दाढ सांगू?”

तो चहा न पिताच गेला. मी खरं ते लिहिलं. विम्याच्या डॉक्टरांनी चिंचवडला बोलावून तोंड उघडायला सांगितलं. माझ्या दातांत दोन बोटं जेमतेम मावत. पाच वर्षं गाठ परत आली नाही तर पुन्हा अर्ज करा, म्हणाले. आवाज मवाळ होता.

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “म्हणजे गरज सरल्यावर देणार.”

महिन्याभरात ती भोसरीला वायरी जोडायच्या कामाला लागली. स्वतःची कमाई झाल्यावर तिने त्याच एजंटकडून स्वतःचा विमा उतरवला. मी गेलो तर याचा काय उपयोग, असं मी आकडे मांडून दाखवलं.

“मुदत भरली की पैसे येतातच ना? मेलंच पाहिजे असं नाही.”

तिसऱ्या वर्षी ती टायफॉइडने पडली. तिचा पगार थांबला. तापात धड बोलवत नव्हतं, तरी तिने उशीखालून पैसे काढून माझ्या हातात दिले आणि हप्ता भरून यायला सांगितलं. मी बसने पुण्याला विम्याच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने विमा तुमचा का, म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं आणि पावती घेतली.