पाहुण्यांना घाम, आजीला हुडहुडी

ब्रेकर मशीन गाडीतून उतरली होती. वायर ओढून प्लग लावायचाच बाकी होता. आणि मी मधे उभा राहून ओरडत होतो, "साहेब, पाच मिनिटं द्या! मार्बल फोडू नका!"

"तुझी पाच मिनिटं म्हणजे अख्खी दुपार," शिंदे साहेब म्हणाले. हे माझे बॉस. साताऱ्याचे. रियाधमध्ये केस पांढरे केलेले.

आधी काम सांगतो, कारण चिपळूणला माझे काका अजून हसतात. "सौदीत हीटिंग? वाळवंटात शेगड्या विकतोस काय रे?" काका, जानेवारीत या इथे! कोरडी थंडी, थेट हाडात शिरते. म्हणून मोठ्या व्हिलांमध्ये लादीखाली प्लास्टिकच्या पाइपची वेटोळी टाकतात आणि त्यातून गरम पाणी फिरवतात. प्रत्येक खोलीचं वेटोळं वेगळं, त्याला म्हणायचं लूप. सगळे लूप पॅसेजमधल्या एका कपाटात येतात, तो मॅनिफोल्ड. नळांची ओळ समजा ना! भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला खोली थंड वाटली की नळावरची छोटी मोटर त्या खोलीचा नळ उघडते. बस, एवढंच.

ही व्हिला अबू फहदची. सिस्टिम दुसऱ्याच कोणीतरी बसवलेली. बाकी घर ठीक, पण त्याच्या आईच्या खोलीची लादी बर्फ! आजी थकलेली, गुडघे धरलेले. तिने सकाळी जाहीर केलं होतं, आज लादी तापली नाही तर मी दम्मामला मुलीकडे चालले. नुसती धमकी नाही, बॅग खरंच दाराशी ठेवलेली.

"हे घर मी तिच्यासाठी बांधलं," अबू फहद मोडक्या हिंदीत म्हणाला. "ती गेली तर मी इथे काय करू? फोडा मार्बल. यल्ला!"

साहेबांचं लॉजिक तसं बरोबर होतं. प्रत्येक लूपला एक काचेची नळी असते, पाणी किती वाहतंय ते दाखवणारी. आजीच्या लूपवर शून्य. म्हणजे लादीखाली पाइप दबलाय. म्हणजे फोडा.

पण मला मजलिस खटकत होती. मजलिस म्हणजे पुरुष पाहुण्यांची बैठक. आल्या आल्या आम्हाला तिथे बसवून गहवा, म्हणजे अरबी कॉफी, दिली, तेव्हा मला घाम फुटला होता. खिडक्या सताड उघड्या! जानेवारीत!

मी आजीच्या नळावरची मोटर हातानेच फिरवून काढली. मोटर काढली की नळ आपोआप उघडतो. काचेतली खूण टुणकन हलली.

"साहेब! वाहतंय! पाइप दबलेला नाहीये!"

साहेबांनी चष्मा लावला. "मग शून्य का होतं?"

"नळ बंद होता. त्याला कोणी उघड म्हणतच नव्हतं!"

मोटर परत बसवली. घरातले सगळे थर्मोस्टॅट बंद करायला लावले. आता फक्त आजीचा चालू करून बघायचा. पण तिची खोली बायकांच्या बाजूला, तिकडे आम्हाला जाता येत नाही. मग अबू फहद मधल्या दारात उभा राहिला आणि ओरडला, "युम्मा, चालू कर!"

या मोटरी हळू उघडतात. मी आजीच्या नळाकडे टक लावून बसलो. काही नाही. साहेब घड्याळ बघतायत. "झाली का तुझी पाच मिनिटं?"

आणि शेजारच्या नळाची खूण वर सरकली. मजलिसच्या!

मी उडीच मारली. वायरी उलट्या होत्या हो! आजीला थंडी वाजली की तिचा थर्मोस्टॅट मजलिस तापवणार. मजलिस तापली की तिथला थर्मोस्टॅट म्हणणार पुरे, आणि बंद करणार आजीचा नळ. आजी जेवढी गारठणार, तेवढे पाहुणे उकडणार!

"टेस्टिंग कधी केलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"ऑगस्टमध्ये, भर उन्हाळ्यात," अबू फहद म्हणाला. "सगळं एकदम चालू केलं, सगळे पाइप गरम झाले, मी सही केली. आणि बाहेर पळालो."

पुढे हिवाळ्यात पुरुष मजलिसमध्ये खिडक्या उघडायचे, आजी आत पांघरुणं वाढवायची. दोन्ही बाजू एकत्र बघितल्याच नाहीत कोणी.

दोन वायरींची अदलाबदल केली. एक स्क्रूड्रायव्हर पुरला.

"खलास?" अबू फहदने विचारलं.

"काम खलास. पण लादी तापायला संध्याकाळ होईल."

त्याने आईला सांगितलं.  आतून एक वाक्य आलं. अबू फहद म्हणाला, "मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत थांबते म्हणाली. बॅग तिथेच राहील."

आम्हीही थांबलो. साहेब एकदाही घड्याळाकडे बघेनात, म्हणजे टेन्शन त्यांनाही होतं. अजान झाली. थोड्या वेळाने आतून आजीचा आवाज आला, चांगला ठणठणीत, आणि अबू फहद खो खो हसत बाहेर आला.

"म्हणते, म्हणजे इतके दिवस माझ्या मुलाच्या पाहुण्यांना मीच शेकत होते?"

मग त्याने बॅग उचलली आणि आत नेली.

ब्रेकर परत गाडीत टाकताना साहेब म्हणाले, "पुढच्या वेळी सरळ दुपारच माग."

आता मी कुठलीही सिस्टिम टेस्ट करताना एका वेळी एकच खोली चालू करतो. सगळ्या एकदम चालू केल्या की चुकीचं कामसुद्धा गरमच लागतं.