दोन किलोचं लोखंड

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नुकतीच रोह्याच्या शाळेत शिकवून घरी येऊन चहा ठेवत होते. तिचा होता म्हणूनच उचलला... दादाचे फोन उचलणं मी सहा महिन्यांपूर्वीच सोडलं होतं. "ताई, हे गेले," एवढंच ती बोलली. दादाच्या छातीत कळ आली आणि पेणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

आमचं गाव जिते. मी पेणच्या कॉलेजात जायची त्या हिवाळ्यात सकाळी चूल आईच्या भाकऱ्यांनीच अडलेली असायची. मग माझ्या आंघोळीच्या पाण्यासाठी दादाने शक्कल काढली. बाबांच्या जुन्या तराजूचं दोन किलोचं लोखंडी वजन त्याने निखाऱ्यात लालभडक केलं, चिमट्याने उचलून माझ्या बादलीत सोडलं. चर्र! वाफेने न्हाणी भरली. "बघ गो, आता उकळंल!" दादा मिशीत हसत म्हणाला. मी हात घातला, तर पाणी जेमतेम कोमट. नुकतंच शिकलेलं ज्ञान मी पाजळलं, की लोखंड दिसतं लाल, पण त्यात उष्णता थोडीच मावते. तेवढ्याच वजनाच्या पाण्याला तेवढंच तापायला नऊपट उष्णता लागते, म्हणून ते निवतंही सावकाश. "मंग मी लोखंड नि तू पाणी," दादा म्हणाला. "माझा राग चर्र झाला का संपला. तुझा काय उतरत नाय." पण हिवाळाभर ते वजन तो रोज तापवत राहिला. बाहेरून ओरडायचा, "झालं का गो कोमट?" आणि मी मुद्दाम म्हणायची, "नाय!"

आईच्या बाराव्याला सगळ्यांसमोर तो मला बोलला, "आई खाटेवर होती तवा तुला शाळाच मोठी होती!" खरं होतं, म्हणूनच झोंबलं. दुसऱ्या दिवशी डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जाता जाता त्याने फोन केला. "गो, रागात बोललो. ये ना घरी." मी फोन ठेवला. नंतरचे उचललेच नाहीत. वाटायचं, दिवाळीपर्यंत निवेन, मग जाईन. दिवाळीही गेली... त्याला जमेल तेवढी ऊब तो देत राहिला, आणि मला निवायला त्याचं मरण लागलं. ही लाज आता जन्मभराची.

दादाचं दिवसकार्य झाल्यावर वहिनीकडून ते वजन मागून आणलं. काल सकाळी गॅसवर बराच वेळ तापवलं आणि न्हाणीत नेऊन बादलीत सोडलं. वाफ विरेपर्यंत थांबले, मग पाण्यात हात घातला.

"व्हय रे दादा," बंद दाराकडे बघत मी म्हटलं, "झालं कोमट."