वर श्तीवी, खाली झवारी

डॉक्टर मुंदिर लयूनी हे नाव त्या दोन्ही इस्पितळांत कुठंच लिहिलेलं नव्हतं. डोंगरावरच्या ऐन बर्दाच्या सरकारी इस्पितळात त्याच्या दारावर डॉ. श्तीवींची पाटी होती. श्तीवी फ्रान्सला गेले, तिथं घर घेतलं, तिथं त्यांना टक्कलही पडलं म्हणे, पण पाटी जागची हलली नाही. खाली नदीकाठच्या सूक लखमीसच्या इस्पितळात डॉ. झवारींची पाटी होती आणि झवारी जर्मनीत होते. सरकार कायमचा माणूस नेमेपर्यंत दोन्हीकडे कॅन्सरचा हंगामी तज्ज्ञ म्हणून मुंदिरला ट्यूनिसहून धाडलेलं. सोमवार-मंगळवार वर, गुरुवार-शुक्रवार खाली, आणि बुधवारी बहुधा गाडी दुरुस्तीला. या हंगामाला चार वर्षं झाली होती. इतका लांब हंगाम कुठल्या पिकालाही नसतो.

नवी पाटी मागायला गेलं की कारकून विचारायचा, "डॉक्टर, तुम्ही इथं आहात किती दिवस?" ते मुंदिरलाच ठाऊक नसायचं. वरचे पेशंट त्याला श्तीवी म्हणत, खालचे झवारी, आणि त्यानं दुरुस्त करायचं कधीच सोडून दिलं होतं. "वर श्तीवी, खाली झवारी, आणि मधल्या घाटात तेवढा मी," असं तो आईला फोनवर सांगायचा. "आणि लग्नाच्या बाजारात कोण उभा आहे?" असं आई विचारायची. मग घाटात रेंज जायची.

आपल्याबद्दल त्याचं फारसं बरं मत नव्हतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. ट्यूनिसच्या एका परिषदेत त्यानं भाषण ठोकलं होतं, 'रुग्णाला खरं सांगण्याचा धीर' या विषयावर. चित्रं दाखवली, टाळ्या घेतल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पेशंटच्या तोंडावर 'कॅन्सर' हा शब्द त्यानं चार वर्षांत कितीदा उच्चारला ते एका हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं, आणि त्यातला एक पेशंट बहिरा होता.

दोष सगळा त्याचा नव्हता. त्या मुलखात या आजाराचं नावच घेत नाहीत. 'तो आजार' म्हणतात आणि आवाज खाली आणतात. पेशंट बाहेर बाकावर बसलेला असतो, तेव्हा घरचा कुणीतरी "दोनच मिनिटं, डॉक्टर" म्हणत आधी आत घुसतो आणि पेशंटला काय झालंय ते डॉक्टरलाच सांगतो. कुणाला संधिवात, कुणाला पित्त. मग पेशंट आत येतो, आणि घरचा माणूस त्याच्या खुर्चीमागं उभा राहतो. डॉक्टरची जीभ खऱ्याकडं घसरायला लागली की मागून बोट हलतं. चार वर्षांत मुंदिर बोटं वाचण्यात चांगलाच तयार झाला होता. क्ष-किरणाची चित्रं इतकी चटकन वाचली असती तर प्राध्यापक झाला असता.

लमीनही असाच आत घुसला होता. फरशीचा व्यापारी, दार भरेल एवढा देह, मिशा त्याहून रुंद.

"डॉक्टर श्तीवी, आईला अल्सर आहे."

"अल्सर नाही हो. तपासणीत जे आलंय ते..."

"काय आलंय ते मला कळलंय. मी सांगतोय, आईला अल्सर आहे. खरं कळलं तर ती आजारानं मरायची नाही, भीतीनंच मरेल."

मुंदिर म्हणाला, बघू. त्या संध्याकाळी लमीन त्याच्या खोलीवर झाकलेलं मोठं भांडं घेऊन आला. आईच्या हातचं कुसकुस, म्हणजे रव्याचे वळून वाळवलेले बारीक दाणे उकडून, वर बकऱ्याचं मटण, छोले, लाल भोपळा. मुंदिर आठवडाभर अंडी आणि पावावर दिवस काढत होता. निम्मं भांडं रिकामं झाल्यावर लमीननं काठावर हात ठेवला. "आता आपल्यात मीठ-भाकर झाली. शब्द द्या. आईला कळता कामा नये."

तोंडात घास असताना नाही म्हणता येत नाही असं नाही. पण आधी तो घास गिळावा लागतो, आणि मुंदिरला पुढचा दिसत होता. त्यानं मान हलवली.

आईचं नाव उम्महानी. बुटकी, कपाळावर गोंदलेली, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. तिला सगळे खालती म्हणत, म्हणजे मावशी. मुंदिरनं तिला अल्सर सांगितला, औषधाच्या बाटलीला 'ताकदीचं सलाईन' म्हटलं, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ती दर पंधरवड्याला येऊन ते निमूट टोचून घेत राहिली. औषध लागू पडलं नाही. नव्या चित्रात आजार यकृतात उतरलेला दिसला. मुंदिरनं लमीनला बोळात गाठून सांगितलं, "फार तर हिवाळ्याच्या तोंडापर्यंत." लमीननं खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या. मग म्हणाला, "अल्सर," आणि गाडी आणायला गेला.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, खाली सूक लखमीसला, नर्स मब्रूकानं दारातून डोकं आत घातलं. "डॉक्टर झवारी, एक म्हातारी आलीय. चिठ्ठी नाही, टोपली आहे."

आत आली ती उम्महानी. टोपलीत वर हिरव्या मिरच्या होत्या आणि मिरच्यांखाली गुंडाळलेली क्ष-किरणाची चित्रं. तिनं मुंदिरला पाहिलं, मुंदिरनं तिला पाहिलं, आणि टेबलाखाली शिरण्याइतकी जागा आहे का, असा विचार त्याच्या मनात खरोखर येऊन गेला.

"अगं बाई! तू तर वरचा!"

"खालती, तुम्ही इथं कशा?"

"मी झवारीकडं आले. जुनी माणसं म्हणतात, खालचा झवारी तोंडावर सांगतो. लमीनला सांगितलं, बाजाराला चालले. कुठाय तो?"

"जर्मनीत."

"मग त्याच्या खुर्चीत तू काय करतोस?"

इतका सरळ प्रश्न त्याला चार वर्षांत कुणी विचारला नव्हता. "मी हंगामी आहे, खालती. दोन्हीकडं मीच."

"म्हणजे दोन दवाखाने, एक डॉक्टर, आणि तोही खोटारडा." ती खुर्चीत बसली. "मी उगाच भाडं भरून आले."

"खोटं कशावरून म्हणता?"

"माझ्या जावेला अल्सर होता. डॉक्टरनं पहिलं काय केलं? हरीसा बंद! मिरचीची चटणीच ती, कणसुद्धा नको. इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, अल्सर म्हटला की हरीसा बंद. आणि तू मला काय म्हणालास? जे आवडेल ते खा, खालती. जे आवडेल ते खा, असं डॉक्टर कुणाला सांगतो रे?"

मुंदिरचे कान तापले. एवढी वर्षं शिकून साधं खोटंही धड बोलता येत नव्हतं. आणि हरीसा त्यानं मुद्दामच चालू ठेवली होती. हिला आता राहिलेत किती दिवस, तेवढे तरी चवीनं जावेत, म्हणून. त्याच्या दयेनंच त्याला पकडून दिलं होतं.

"लमीननं शब्द घेतलाय ना तुझ्याकडून?" ती म्हणाली. "त्याला नावं ठेवत नाही मी. नवऱ्याच्या वेळी मीच डॉक्टरकडून शब्द घेतला होता. पित्त झालंय असं सांगत होतो त्याला. शेवटपर्यंत पित्ताचं पथ्य पाळलं बिचाऱ्यानं. हरीसावाचून गेला. ते मला अजून सोसत नाही."

तिनं टोपली पायाशी ठेवली.

"मला बाकी काही नको. एवढंच सांग, कुसकुस किती वळू?"

"म्हणजे?"

"अरे, उन्हाळ्याचं वाळवण! वर्षाची बेगमी! तुझी आई काय पाकिटातलं आणते?" आणायची, पण ते कबूल करायची ही वेळ नव्हती. "सुना शहरात गेल्यापासून माझं एकटीचं एका पोत्यात भागतं. पण माझं काही बरंवाईट होणार असेल तर तीन लागतील. तिसऱ्या दिवसाचं जेवण, चाळिसाव्याचं जेवण, सगळा गाव येईल. माझ्या सुना वळायच्या नाहीत, दुकानातलं आणून उकडतील. माझ्या चाळिसाव्याला पाकिटातलं कुसकुस! माझ्या हातचं खाऊन लोक नावाजत होते, ते काय म्हणतील? आणि वळायचं तर ऊन कडक आहे तोवर. नंतर वाळत नाही, बुरशी धरते. म्हणून विचारते. एक की तीन?"

मुंदिर म्हणाला, "खालती, यंदा एक पोतं करा. पुढच्या वर्षी..."

"हे श्तीवी बोलतोय." तिनं त्याला हातानं थांबवलं. "दारावर पाटी कुणाची आहे?"

"झवारींची."

"मग झवारीसारखं बोल. शब्द श्तीवीनं दिलाय, झवारीनं लमीनचं काही खाल्लेलं नाही. आणि श्तीवीनं खाल्लं, ते वळलं कुणी होतं? लमीननं?"

खाल्ल्या मिठाला जागायचं, तर मीठ आणणाऱ्याला जागायचं की घालणारीला? त्याच्या भाषणात याचं चित्र नव्हतं. भाषणात होतं की खुर्ची पेशंटजवळ न्यावी, आवाज मऊ ठेवावा, आधी त्याला काय ठाऊक आहे ते विचारावं. यातलं मुंदिरला काहीही आठवलं नाही.

"तीन," तो म्हणाला.

आयुष्यातलं सगळ्यांत खरं निदान त्यानं असं पोत्यांत सांगितलं.

उम्महानीनं मान हलवली. मग विचारलं, "उन्हाळा पुरेल ना?"

"उन्हाळा पुरेल. हिवाळ्याचं मी सांगत नाही."

"बरं." ती उठायला गेली आणि परत बसली. "जरा टेकते." मग टोपलीतल्या मिरच्यांकडं बघत म्हणाली, "भीती वाटते रे, पोरा." मुंदिरनं तिचा हात धरला. त्याला रडू आलं, आणि डॉक्टरनं रडावं की नाही हे ठरवायला वेळ मिळायच्या आतच तो रडून मोकळा झाला. तिनं त्याला रुमालाचं टोक दिलं. निघताना मूठभर मिरच्या टेबलावर ठेवल्या. "अंडीच खातोस ना? त्यात घाल."

सोमवारी वर ऐन बर्दाला ती आणि लमीन एकदमच आत आले. "दोनच मिनिटं" म्हणायची संधी तिनं लमीनला दिलीच नाही. तो खुर्चीमागं उभा राहिला, पण आज त्याला दम निघत नव्हता.

"डॉक्टर श्तीवी, तुम्हीच समजवा हिला! तीन पोती रवा आणायला सांगतेय. गल्लीतल्या बायका गोळा केल्यात, गच्चीवर चादरी अंथरल्यात. एकट्या बाईला तीन पोती! अल्सरच्या माणसानं उन्हात बसून हे धंदे करायचे? सांगा तिला, अजून वीस वर्षं आहेत तुला, घाई कसली?" आणि मागून बोट हललं.

उम्महानी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हती. मुंदिरनं नुसतं 'खालती, जरा विश्रांती घ्या' म्हटलं असतं तरी तो सुटला असता. तिनंही ते ऐकून घेतलं असतं. आणि बायकांना घरी पाठवलं असतं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"लमीन, त्यांना माहीत आहे," तो म्हणाला. "मी सांगितलं."

बोट हवेतच राहिलं. "कधी? कुठं?"

"गुरुवारी. खाली."

"तुम्ही शब्द दिला होता! माझं अन्न खाऊन!"

"दिला होता. मोडला." इथं सत्याविषयी काहीतरी भारदस्त बोलावं असं मुंदिरला फार वाटलं. तोंडातून आलं ते असं, "कुसकुस फार चांगलं झालं होतं."

लमीन टेबलाला वळसा घालून आला. मुंदिरनं चष्मा काढून खणात ठेवला, कारण तो नवा होता. पण लमीन त्याच्यापाशी थांबला नाही. तो तपासायच्या खाटेवर जाऊन बसला, खाट करकरली, आणि त्याच्या मिशा थरथरायला लागल्या.

"आई, तुला कळलंय हे मला का नाही सांगितलंस?"

"तू सांगितलंस मला?"

लमीन आपल्या जाडजूड हातांकडं बघत होता. मुंदिर उगाच पेनाचं टोपण लावत होता आणि काढत होता. शेवटी लमीननं बाहीनं नाक पुसलं.

"तीन पुरतील?" त्यानं विचारलं. "इटलीहून भाऊ येईल, त्याच्या सासरचे येतील. आणि तुला तर सगळा डोंगर ओळखतो."

उम्महानीनं मनाशी हिशेब केला.

"चार आण," ती म्हणाली. "आणि रडायचं ते इथंच रडून घे. घरी बायका खोळंबल्यात."