अकोल्यातली भाभी

पत्नी गेल्यावर सोळाव्या दिवशी मी तिच्या तेवीस साड्या दोन बॅगांत भरून अकोल्याला नेल्या. आम्ही अमरावतीचे. साड्या अमरावतीतही खपल्या असत्या. पण भाजी घेताना समोरून तिची साडी चालत आली तर काय करायचं, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून दोन तासांची बस पत्करली.

अकोल्यात एका बाईंचं दुकान आहे. लोक वापरलेले पण चांगले कपडे तिथे ठेवतात. विकले गेले की साठ टक्के ठेवणाऱ्याचे, चाळीस दुकानाचे. मी प्रत्येक साडीला चिठ्ठी लावून नेली होती. कुठे धागा ओढला गेलाय, कुठे फॉल उसवलाय, हिरव्या रेशमी साडीच्या पदरावर बोटभर हळदीचा डाग आहे. बाईंनी चिठ्ठ्या वाचल्या आणि हसल्या.

"इतलं खरं त लोकं सोयरिकीतबी नाई सांगत, भाऊ."

मग त्यांनी सगळ्यांना विचारतात तो प्रश्न विचारला. "नेसणारी हयात हाये ना? गेलेल्या माणसाचे असले तरी मी ठेवून घेते. फक्त घेणाऱ्याले सांगा लागते. कोणाले चालते, कोणाले नाई चालत."

"आहे," मी म्हणालो. "जाड झाली ती."

"साडीले काय जाड अन् बारीक?"

"गुडघे दुखतात. पायात येते. गाऊनच घालते आता."

खरं सांगितलं असतं तरी त्यांनी साड्या ठेवून घेतल्या असत्या. पण ती नाही, हे वाक्य मी तोवर कुणापुढे उच्चारलंच नव्हतं. घरीदारी सगळ्यांना ठाऊक होतं, सांगायची वेळच आली नव्हती.

पैसे दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, स्वतः जाऊन घ्यायचे, असा त्या दुकानाचा नियम. मी गेलो की बाई आधी विचारत, "भाभीचे गुडघे कसे हायेत?" पहिल्यांदा मी "तसेच" म्हणालो. पुढच्या खेपेला तेल लावून घेते म्हणालो. मग ती मुलीकडे पुण्याला जाऊन आली. सहाव्या महिन्यात ती फाटकापर्यंत चालायला लागली. मूर्तिजापूर गेलं की या खेपेला काय सांगायचं ते मी बसमध्ये ठरवू लागलो होतो.

जाण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या बायकोचं वजन एकेचाळीस किलो होतं. अकोल्यातली मात्र जेवत होती, कुरकुरत होती, अंगाने भरत चालली होती. दिवाळीला बाईंनी तिच्यासाठी एक ढगळ सुती गाऊन बांधून दिला, पैसे घेतले नाहीत. तेवीस साड्यांनी मोकळ्या केलेल्या कपाटात मी तो टांगला. सकाळी शर्ट काढताना हात त्याला लागे. ज्या बाईचा तो गाऊन होता, ती कधी नव्हतीच.

अकराव्या महिन्यात एकच साडी उरली होती, डागामुळे अडलेली हिरवी. मी गेलो तर बाई खुशीत.

"हिरवी गेली समजा! एका बाईच्या लेकीचं डोयायजेवण हाये. दोन खेपा पोट राहून गेलं तिचं. आता सातवा लागला. माय म्हणे, नवी नको, भरल्या घरच्या बाईची नेसलेली द्या. म्या सांगतलं, अमरावतीच्या भाभीची हाये. जोडा सलामत, पोरगी नांदून राहिली, खाऊनपिऊन सुखी. येऊनच राहिल्या त्या."

ती आई आली. साडी उलगडून तिने पदर डोळ्यांना लावला. मी डाग दाखवला.

"हयदच हाये ना," ती म्हणाली. "उलट शुभच. ताईले माझा नमस्कार सांगा, दादा."

चिठ्ठी अजून साडीला होती. माझंच अक्षर. डाग, बोटभर.

"ती गेली," मी म्हणालो. "अकरा महिने झाले."

आईचा हात थांबला. मग तिने साडी आधीच्याच घड्यांवर नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली. "राग नका मानू, दादा. पोरीच्या जिवाचं हाये."

"बरोबर आहे तुमचं."

ती आई निघून गेल्यावर बाईंनी साडी स्वतःकडे ओढली. मग म्हणाल्या, "पयल्या खेपेले आले तवा?"

"सोळा दिवस झाले होते."

त्यांनी बोटांवर खेपा मोजल्या. "दर खेपेले मी विचारत होती अन् तुमी सांगत होते. काहून?"

"तुम्ही विचारत होतात म्हणून."

"म्या त्या गुडघ्यांसाठी दुआ मांगली, भाऊ."

त्यांनी हिरवी साडी पिशवीत घालून माझ्या हातात दिली आणि वहीतल्या माझ्या पानावर आडवी रेघ मारली. मी पायरी उतरत होतो, तेवढ्यात दर महिन्याप्रमाणे मागून आवाज आला, "भाभीले सलाम सांगजा."

मी वळलो. त्यांनी तोंडावर हात धरला होता.

"सांगतो," मी म्हणालो. दर महिन्याला हेच म्हणायचो.